चित्र ऐकायचं कसं?

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की चित्रावरून संगीत रचतात म्हणजे नेमकं काय करतात? आज एकच उदाहरण घेऊ: हेलन ग्राइम यांची ‘टू अर्डली पिक्चर्स’ ही वाद्यवृंदरचना.

आधी चित्रकार. जोन अर्डली यांचा जन्म 1921 चा, इंग्लंडमधला. शिक्षण मात्र ग्लासगोत झालं. पुढे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, कॅटरलाइन नावाच्या छोट्याशा कोळीवाड्यात त्या रमल्या. वादळ असो की बर्फ, बाई बाहेर उभं राहून चित्र काढायच्या. ओल्या रंगात तिथलीच वाळू, गवत, बिया मिसळायच्या. 1963 मध्ये, अवघ्या 42 व्या वर्षी त्या गेल्या.

आता संगीत. ग्राइम यांचं बालपण याच ईशान्य भागात गेलं. रचनेचे भाग दोन: ‘कॅटरलाइन इन विंटर’ आणि ‘स्नो’. 2016 साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते दोन वेगळ्या वाद्यवृंदांनी प्रथम वाजवले. त्यांतला एक तरुण वादकांचा होता.

इथे खरी अडचण लक्षात घ्या. चित्र एका नजरेत समोर येतं. आधी घरं बघायची की आभाळ, हे आपण ठरवतो. संगीतात तसं नाही. तिथे क्रम आणि वेळ, दोन्ही रचनाकार ठरवतो. त्यामुळे ‘हा सूर म्हणजे बर्फ, हा ढोल म्हणजे लाट’ अशी जुळवाजुळव करत बसलं, तर हाती फारसं काही लागत नाही.

मग ग्राइम काय करतात? त्या भागातल्या एका जुन्या लोकगीताची चाल त्या दोन्ही भागांत वापरतात. पण ती सरळ गाऊन दाखवत नाहीत. तिचे तुकडे वाद्यांच्या थरांमध्ये मिसळून टाकतात. मला हे अर्डलींच्या रंगातल्या गवतासारखं वाटतं. लांबून ते वेगळं दिसत नाही, पण जमीन तिथलीच आहे हे कळतं. म्हणजे संगीतकारानं चित्रातला देखावा घेतला नाही, चित्र घडवायची रीत घेतली.

म्हणून एक सुचवतो. ही रचना आधी चित्र न बघता ऐका. मग चित्र बघा, आणि पुन्हा ऐका. पहिल्या खेपेलाच संगीतानं धरून ठेवलं, तर ते स्वतःच्या पायावर उभं आहे. दुसऱ्या खेपेला चित्रही वेगळं दिसू लागलं, तर दोन्ही कलांना एकमेकींचा उपयोग झाला असं समजा.