निद्रानाश आणि रक्तदाब

रक्तदाबाचा विकार आणि निद्रानाश हीं दोन दुखणीं एकाच घरांत, किंबहुना एकाच माणसाच्या ठायीं नांदतांना वारंवार आढळतात. सकाळीं दाबाची गोळी आणि रात्रीं झोपेची गोळी हा क्रम कित्येक सुशिक्षित कुटुंबांत आतां नित्याचा झाला आहे. पैकीं पहिली गोळी अत्यावश्यक असूनही पुष्कळ लोक ती मधूनमधून चुकवितात. दुसरी बहुधा टाळतां येण्याजोगी असूनही तिच्यावांचून त्यांचें चालत नाहीं. याचें कारण उघड आहे. वाढलेला दाब सहसा दुखत नाहीं, खुपत नाहीं. न आलेली झोप मात्र रात्रभर जाणवते. माणूस जें जाणवतें त्यावर इलाज मागतो आणि जें जाणवत नाहीं तें विसरतो. हा उलटा व्यवहार सुलटा कसा करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हीं दुखणीं शहरांतील धकाधकीचीं असून रानावनांत राहणाऱ्यांस तीं ठाऊक नसतात, असा एक समज आहे. त्याची परीक्षा करावयाची तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे पाहूं. गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडजवळ, हेमलकसा हें ठिकाण आहे. तेथें 23 डिसेंबर 1973 रोजीं बाबा आमटे यांनीं माडिया गोंडांच्या सेवेसाठीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; त्या वेळीं तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे, गडचिरोली हा निराळा जिल्हा 1982 सालीं झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना चालविला. प्रारंभीं कित्येक वर्षें वीज नव्हती. हिवताप, क्षय, कुपोषण, सर्पदंश, अस्वलानें केलेल्या जखमा, अशीं दुखणीं घेऊन लोक रान तुडवीत येत. दिवस मावळला कीं काळोख आणि कोंबडा आरवला कीं उजेड, अशा ठिकाणीं दाबाची आणि झोपेची चर्चा ती कशाला, असें शहरांतील वाचकास वाटेल.

परंतु त्याच जिल्ह्यांतील दुसरा पुरावा आपणांस सावध करतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेनें 2011 ते 2013 या काळांत 86 खेड्यांतील मृत्यूंचीं कारणें तपासलीं. तेव्हां सुमारें दर 7 मृत्यूंपैकीं एक पक्षाघातानें झाल्याचें दिसून आलें. दुसऱ्या कोणत्याही एका कारणानें इतके मृत्यू झाले नव्हते. त्यांतील बहुतेकांनीं घरींच प्राण सोडला. हा निष्कर्ष दूरच्या माडिया पाड्यांना जसाच्या तसा लावतां येणार नाहीं हें खरें. पण खेड्यांतील मोकळी हवा आणि अंगमेहनत यांनीं माणूस या संकटापासून आपोआप वांचतो, हा भ्रम त्यानें दूर होतो. पक्षाघाताच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत वाढलेला रक्तदाब हें सर्वांत मोठें कारण आहे. घरांतील मिळवता माणूस एका सकाळीं अर्ध्या अंगानें लुळा होऊन पडला म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

आतां झोपेचा येथें संबंध काय, तें पाहूं. निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसरात्र एकसारखा नसतो. गाढ झोपेंत हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब दिवसाच्या मानानें शेंकडा 10 ते 20 इतका खालीं येतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडें यांना मिळणारी ही रोजची विश्रांति होय. जो माणूस रात्रभर कुशी बदलीत राहतो, त्याच्या मज्जातंतूंची धांवपळ थांबत नाहीं आणि दाबाची ही रात्रींची उतरण अपुरी राहते. उलट, दाब वाढल्याचें कळल्यापासून कित्येकांस मनांत धास्ती बसून झोप येईनाशी होते. मग तीं मंडळी मध्यरात्रीं उठून यंत्र दंडाला बांधतात, आंकडा वाढलेला पाहून अधिकच घाबरतात आणि उरलेली झोपही घालवितात. म्हणून रात्रीं जाग आली असतां दाब मोजूं नये. तो दिवसा, पांच मिनिटें स्वस्थ बसून, ठरलेल्या वेळीं मोजावा.

निद्रानाशावर औषध मागण्यापूर्वीं झोप कोण पळवितें याचा शोध घरच्या घरीं घ्यावा. पहिला संशय घोरण्यावर घ्यावा. रोगी मोठ्यानें घोरतो, मधेंच श्वास थांबल्यासारखा होतो, मग गुदमरून जागा होतो आणि दिवसा पेंगतो, असें शेजारीं झोपणाऱ्यानें पाहिलें असेल तर तो साधा निद्रानाश नव्हे. घशाची वाट झोपेंत मिटत असल्यामुळें प्राणवायू कमी पडतो आणि शरीर प्रत्येक वेळीं दचकून उठतें; दरेक दचक्यागणिक दाब उसळतो. अशा रोग्याला झोपेची गोळी देणें धोक्याचें ठरूं शकतें. त्यासाठीं वजन उतरविणें, कुशीवर झोपणें आणि जरूर तर नाकावर मुखवटा बसवून हवेचा दाब देणारें यंत्र वापरणें हे उपाय आहेत. हें यंत्र सिडनी येथील डॉ. सलिव्हन यांनीं 1981 सालीं प्रथम पुढें आणलें.

दुसरा संशय औषधांवर घ्यावा. लघवी वाढविणारी दाबाची गोळी संध्याकाळीं घेतली कीं रात्रीं दोन-तीनदां उठावें लागतें. तीच सकाळीं घेतली म्हणजे काम भागतें. दाबावरील कांहीं गोळ्यांनीं कोरडा खोकला येतो, कांहींनीं झोप चाळवते. सर्दीवरील कित्येक औषधें दाबही चढवितात आणि जागेंही ठेवितात. यांपैकीं कांहीं जाणवल्यास गोळी आपल्या मनानें बंद न करतां डॉक्टरांना सांगावें. त्यांच्यापाशीं पर्याय पुष्कळ आहेत.

तिसरा संशय खाण्यापिण्याच्या संवयींवर घ्यावा. दुपारीं चार वाजतां घेतलेल्या चहा-कॉफीचा निम्मा अंमल रात्रीं नवापर्यंत अंगांत राहतो. विदर्भांत घरोघर चालणाऱ्या खऱ्ऱ्यांतील तंबाखू नाडी आणि दाब दोन्ही वाढविते. दारूनें डोळा लवकर लागतो खरा, पण दोन-तीन तासांनीं तीच झोप मोडते. गडचिरोली जिल्ह्यांत 1993 पासून दारूबंदी आहे. तरी ‘झोपेपुरती घेतों’ हें समर्थन काय खेड्यांत, काय शहरांत, सारखेंच ऐकूं येतें. मिठाविषयींही हेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे सुमारें एक चहाचा चमचा, मीठ पुरे असें सांगितलें आहे. आपलें लोणचें-पापड त्याच हिशेबांत धरावयाचें असतें.

झोप आणि दाब या दोहोंवर एकच मात्रा शोधण्याचा प्रयत्न आपल्या देशांत झालेला आहे, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. दमट जंगलांत सावलीला वाढणारें सर्पगंधा नांवाचें लहानसें झुडूप आहे. त्याची मुळी वेड, अस्वस्थता आणि निद्रानाश यांवर फार दिवसांपासून देत असत. 1931 सालीं कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं ती वाढलेल्या रक्तदाबावरही चालते असें प्रसिद्ध केलें. 1949 सालीं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं 50 रोग्यांवरील अनुभव ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत मांडला, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. 1952 सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. 1957 सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. परंतु पुढें अनुभव असा आला कीं, या औषधानें, विशेषतः मोठ्या मात्रेंत, नाक चोंदतें, सुस्ती येते आणि कित्येकांचें मन खिन्न होतें. अधिक निर्धोक औषधें आल्यावर तें मागें पडलें. तरीही ‘वनस्पति आहे, अपाय काय करणार’ या भरंवशावर सर्पगंधेचें चूर्ण आपण होऊन घेणारे लोक आहेत. मुळींतील द्रव्याचें प्रमाण एकसारखें नसतें आणि आधींच चालूं असलेल्या दाबाच्या गोळीशीं त्याची भर पडून दाब एकाएकीं उतरूं शकतो, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आजच्या झोपेच्या गोळ्यांचीही कथा फारशी वेगळी नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें, थोडक्या दिवसांसाठीं, एखाद्या दुःखाच्या किंवा आजारपणाच्या प्रसंगीं त्यांचा उपयोग होतो. पण महिनोन्‌महिने घेतल्यास त्यांची संवय जडते, स्मरण मंदावतें, आणि वृद्ध माणूस रात्रीं उठतांना तोल जाऊन पडतो. शिवाय रोज घेत असलेली गोळी एकदम सोडली तर झोप अधिकच बिघडते. ती सोडावयाची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू सोडावी.

मग खरा उपचार कोणता? आठवड्यांतून तीन रात्री तरी झोप बिघडते आणि असें तीन महिने चाललें आहे, तर तो जुना निद्रानाश समजावा. अमेरिकेंतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयानें 2016 सालीं प्रौढांच्या अशा निद्रानाशावर गोळीच्या आधीं संवयींचा आणि विचारांचा उपचार द्यावा असा सल्ला दिला. या उपचाराला घड्याळ आणि वही यांपलीकडे फारसें साहित्य लागत नाहीं. म्हणून तो मुंबईला जितका शक्य तितकाच हेमलकशालाही शक्य आहे.

त्याचीं मुख्य सूत्रें अशीं. सकाळीं उठण्याची वेळ एकच ठेवावी. रात्र कशीही गेली तरी ती बदलूं नये. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊं नये. पडल्यावर वीस-एक मिनिटांत झोप लागली नाहीं असें वाटल्यास उठून दुसरीकडे मंद उजेडांत स्वस्थ बसावें आणि डोळे जड झाल्यावरच परतावें. मात्र घड्याळाकडे पाहत बसूं नये. अंथरुणावर हिशेब, दूरध्वनि आणि कलह यांना मज्जाव असावा. दुपारची वामकुक्षी वीस-तीस मिनिटांवर नेऊं नये. याचें मर्म असें कीं, जागरणाशीं जडलेलें अंथरुणाचें नातें तोडून तें पुन्हां झोपेशीं जोडावयाचें.

याच्या जोडीला आणखी एक युक्ति आहे. समजा, एक गृहस्थ रात्रीं 10 ला पडून सकाळीं 6 ला उठतात, पण दोन आठवड्यांच्या नोंदीवरून त्यांना झोप साडेपांच तासच लागते असें दिसतें. त्यांनीं कांहीं दिवस 12 ते 6 एवढाच वेळ अंथरुणावर घालवावा. प्रारंभीं दिवसा थोडी झांपड येईल. पण झोप तुकड्यातुकड्यांची न राहतां सलग होऊं लागेल. अंथरुणावरील वेळापैकीं बहुतेक वेळ झोपेंत जाऊं लागला म्हणजे दर आठवड्याला पंधरा मिनिटें वाढवावीं. हा वेळ पांच तासांखालीं मात्र नेऊं नये. अपस्माराचे रोगी, मनाचे तीव्र चढउतार असणारे आणि वाहन किंवा यंत्र चालविणारे यांनीं ही युक्ति डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूं नये. चार ते आठ आठवडे धीर धरणारास बहुधा फळ मिळतें.

झोप सुधारली म्हणजे दाबाची गोळी सुटेल, अशी मात्र आशा धरूं नये. दाब थोडाफार उतरेलही. पण गोळी कमी करावयाची कीं नाहीं, हें मोजमाप पाहून डॉक्टरांनींच ठरवावें. ती सकाळीं घ्यावी कीं रात्रीं, या वादाचा निकालही आतां बराचसा लागला आहे. ब्रिटनमध्यें 21,000 हून अधिक रोग्यांवर झालेल्या आणि 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन्ही वेळांत हृदयविकार वा पक्षाघात यांच्या दृष्टीनें फरक आढळला नाहीं. तेव्हां जी वेळ चुकत नाहीं ती आपली.

आणि एक खूणगांठ घरांतील प्रत्येकानें बांधून ठेवावी. तोंड वांकडें होणें, एक हात किंवा पाय लुळा पडणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं कांहीं एकाएकीं दिसलें तर ‘झोप झाली नाहीं म्हणून असेल’ असें म्हणत सकाळ होण्याची वाट पाहूं नये. त्याच क्षणीं मोठें रुग्णालय गांठावें. तेथें पहिल्या साडेचार तासांना फार मोल असतें.