केबल नवी, तरी चोक जड का?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्याकडे साठच्या दशकातली एमजीबी आहे, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. चोकची केबल आखडली म्हणून त्यांनी आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली महागाची केबल आणून बसवली. तरीही चोक जवळपास पहिल्यासारखाच जड आहे आणि आत ढकलल्यावर पुरता मागे जात नाही. नवी केबल लांबीला जास्त निघाली, तेव्हा उरलेला भाग डॅशबोर्डमागे गोल वेटोळं करून बांधला आहे, हेही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे. केबल सदोष असेल का, असं ते विचारतात.

केबल बहुधा उत्तम आहे. त्या वेटोळ्यानेच घोटाळा केला आहे. तो कसा, हे समजून घेताना एका विस्मरणात गेलेल्या संशोधकाची आणि एका सुंदर गणिताची भेट होते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी चोकविषयी. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक तीस-पस्तीस अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, तर जड घटकांना दोनशेच्या आसपासचं तापमान लागतं. इंग्लंडातल्या हिवाळी सकाळी थंड इंजिनात हलक्या भागाचीच वाफ होते आणि बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून बसतं. जळायला वाफ हवी असते. ती पुरेशी मिळावी म्हणून तेवढ्यापुरतं जास्त पेट्रोल सोडावं लागतं. बऱ्याच कार्ब्युरेटरांत एक झडप हवेची वाट अडवून हे काम करते. एमजीबीवरच्या एसयू कार्ब्युरेटरांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांत एक निमुळती सुई जेटच्या भोकात वरखाली होत असते. चोक ओढला की केबल तो जेटच खाली खेचते, सुई आणि भोक यांमधली फट रुंदावते आणि पेट्रोल जास्त येतं. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना काढली. त्यांचं घराणं पादत्राणांच्या व्यवसायातलं, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत आजच्या पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता! आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातली. त्यामुळे जुन्या अँबॅसिडरवर हात काळे केलेल्या मेकॅनिकला एमजीबीचं बोनेट उघडल्यावर बरंच काही ओळखीचं वाटेल.

आता केबल. सायकलच्या ब्रेकपासून स्कूटरच्या क्लचपर्यंत आपण ती इतकी वापरतो की तिच्याकडे कुणी शोध म्हणून पाहतच नाही. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या आयरिश गृहस्थांनी १८९६ मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट घेतलं. तार ओढून ताकद पोहोचवायची युक्ती त्याआधीही होती, पण वळण आलं की कप्पी लावावी लागे. बोडन यांनी महत्त्व ओळखलं ते बाहेरच्या नळीचं. आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने बाहेरचं आउटर दाबलं जातं. म्हणून ते पोलादी तारेच्या घट्ट, एकमेकींना टेकलेल्या वेढ्यांचं बनवायचं. असं आउटर हवं तसं वाकतं, पण लांबीत आखडत नाही. ताण आणि दाब शेजारी शेजारी, एकमेकांना तोलत चालतात, आणि मधल्या वाटेवर आधाराची गरजच उरत नाही. मला हा एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या शोधांपैकी एक वाटतो. आतड्याच्या तपासणीच्या एंडोस्कोपचं टोक ज्या तारांनी वळवलं जातं, त्यांमागेही हेच तत्त्व आहे.

आणि या माणसाचं श्रेय मात्र वारंवार दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. रॅले सायकल कंपनीचे संस्थापक सर फ्रँक बोडन यांनी ही केबल शोधली, असं अजूनही छापलं जातं. आडनाव सारखं, धंदा सायकलींचा आणि माणूस प्रसिद्ध, एवढ्यावर ही समजूत टिकून आहे. तिला पुरावा नाही. पेटंट अर्नेस्ट बोडन यांच्या नावावर आहे. त्यांचं निधन १९०४ मध्ये झालं. त्यांच्या केबलने नंतर मोटारी आणि विमानं व्यापली, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

बोडन केबलची एकच दुखरी नस आहे: घर्षण. ते नेमकं कसं वाढतं हे लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकातच मांडलं होतं आणि प्रशियाचे अभियंता योहान आयटेलवाइन यांनी पुढे ते अभियंत्यांच्या हाती दिलं. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागते तेव्हा खलाशी दोर खुंट्याभोवती दोन वेढे देतो आणि एका हाताने अख्खी लाँच धरून ठेवतो. घर्षणांक ०.३ धरला तर दोन वेढ्यांत त्याच्या हातातला जोर सुमारे ४३ पट होतो, तीन वेढ्यांत सुमारे २८५ पट. खलाशाला वरदान ठरणारं हे गणित चोकच्या केबलला शाप ठरतं, कारण तिथे वळणांनी दिलेली पकड आपल्याच हाताविरुद्ध काम करते.

या सूत्रात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही, हे मला कितीही वेळा पाहिलं तरी नवल वाटतं. येतो तो फक्त घर्षणांक आणि सगळ्या वळणांच्या कोनांची बेरीज. वेटोळं बशीएवढं असो वा ताटाएवढं, ते ३६० अंशच मोजायचं. तार डावीकडे वळून पुन्हा उजवीकडे वळली तरी कोन वजा होत नाहीत, बेरीजच होते. साध्या, वंगण दिलेल्या केबलचा घर्षणांक ०.२ धरू. एकूण वळण १८० अंश असेल तर जेटपाशी लागणाऱ्या जोराच्या १.९ पट जोर हाताला लावावा लागतो. ३६० अंशांना हा आकडा ३.५ होतो, ५४० अंशांना ६.६.

आता टेफ्लॉन. त्याने घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.१ झाला असं मानू. मग ३६० अंशांना १.९ पट जोर लागेल. म्हणजे पूर्ण वेटोळं घेतलेली महागडी केबल आणि अर्ध्याच वळणाने नेलेली साधी केबल हाताला सारखीच लागणार. ‘आयुष्यभर हलकी’ अशा जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही तो याचमुळे. चांगलं अस्तर उपयोगी असतं, पण जास्तीची लांबी कापून टाकणं त्याहून उपयोगी, आणि त्याला खर्चही येत नाही.

चोक परत न जाण्याचं कारणही हेच. ओढताना तार ताणलेली असते, ढकलताना ती बाक धरते आणि आउटरच्या भिंतींना घासत जाते. म्हणून चोकसाठी सायकलसारखी पिळाची तार न घेता एकसंध जाड तार वापरतात. तरीही जेट वर नेण्याचं बरंचसं काम कार्ब्युरेटरवरच्या स्प्रिंगलाच करावं लागतं, आणि वळणांपुढे ती हरली की जेट किंचित खाली राहतो. मग प्लग काळे पडतात, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन नेतं आणि इंजिन झिजतं.

वाट बदलताना एमजीबीची एक खोड लक्षात ठेवावी लागते. या इंजिनाचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, वर-खाली आहेत. सरळ वाट शोधताना केबल मॅनिफोल्डजवळून गेली तर वंगण सुकेल आणि प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला धरेल.

आणखी एक शंका मात्र मला सर्वांत आधी फेडून घ्यावीशी वाटते. जुनी केबल मुळात आखडली कशाने? इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं. स्टार्टर फिरताना शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह इंजिनातून बॉडीकडे परततो तो अर्थिंगच्या जाड पट्टीतून. ती पट्टी गंजली किंवा सैल झाली, तर प्रवाह इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या उरलेल्या धातूंतून वाट काढतो: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल. बारीक पोलादी तार अशा वेळी तापते, कधी धूर येतो, आतलं ग्रीस जळून कडक होतं. तसं झालं असेल तर नवी केबलही त्याच मार्गाने जाईल.

तेव्हा पत्रलेखक महोदय, आधी अर्थिंगची पट्टी काढून तिची दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि घट्ट बसवा. मग वेटोळं सोडा. केबल मॅनिफोल्डपासून लांब ठेवून, कमीत कमी वळणांनी कार्ब्युरेटरपर्यंत न्या आणि उरलेली लांबी कापा. आउटर कापल्यावर आत वळलेली धार कानशीने घासून काढा, नाहीतर तीच तारेला खरवडेल. आउटरची दोन्ही टोकं पक्की धरलेली आहेत ना, हे कुणाला तरी चोक ओढायला सांगून बोनेटखाली पाहा. चोक आत असताना तारेला सुमारे दीड मिलिमीटर ढील ठेवा, म्हणजे जेट पूर्ण वर टेकेल. टेफ्लॉनच्या अस्तरात तेल मात्र घालू नका, त्याला धूळ चिकटते. एवढं करूनही चोक जड लागला, तर केबल सोडवून जेट हाताने खालीवर करून बघा. तो तिथेच अडकत असेल, तर कार्ब्युरेटर उघडावा लागेल.