तोंडी लावण्याची भाजी : अमेरिकेच्या दक्षिणेतली आणि आपल्या बांधावरची



आपल्या कारखान्यात उसाचा रस ज्या उंच भांड्यांतून आटवला जातो, ती आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिली असतील. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्यातला रस तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्यातला. पुढच्या भांड्यांत दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तेथे रस कमी उष्णतेवरही उकळतो आणि जळण वाचते. ही युक्ती बसवली नॉर्बर्ट रिलियू या माणसाने. १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे त्याचा जन्म झाला. त्याची आई कृष्णवर्णीय वंशाची होती. १८४३ साली त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले.

त्याआधी तिकडे रस उघड्या कढयांत आटवीत असत. लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत टाकावा लागे, आणि हे भाजून काढणारे काम गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांकडून करून घेतले जाई. साखर त्यांच्या हातची, पण त्यांच्या ताटात काय पडे? मोजून दिलेले मक्याचे पीठ आणि थोडेसे खारवलेले डुकराचे मांस. उरलेली भूक भागवायची ती झोपडीशेजारच्या चार वाफ्यांवर. त्या वाफ्यांत पालेभाजी, चवळी, भेंडी आणि रताळी होत. १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. पण त्या चुलींवरच्या भाज्या टिकल्या, गोऱ्यांच्या घरांतही गेल्या, आणि आज 'दक्षिणी' स्वयंपाक म्हणून जगभर नावाजल्या जातात.

येथे 'दक्षिण' म्हणजे दक्षिण अमेरिका खंड नव्हे, बरं का. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया, कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना ही राज्ये. हवा उष्ण, पीक कापसाचे, आणि लुइझियानात उसाचेही. त्यामुळे तिकडच्या भाज्या आपल्याला परक्या वाटत नाहीत. फरक आहे तो शिजवण्याच्या रीतीत, आणि ती रीत घरी करून पाहण्यासारखी आहे.

ताटात भाजीचा मान

आपण ज्याला तोंडी लावणे म्हणतो, त्याला तिकडे ताटात मोठा मान आहे. 'मीट अँड थ्री' नावाची साधी खाणावळ तिकडे असते. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, असे ते ताट. मांस नको असेल तर नुसत्या भाज्यांचे ताटही मिळते. गंमत अशी की चीज घातलेली मॅकरोनी हीसुद्धा तेथे भाजीतच धरतात!

जुन्या पद्धतीत भाजीला खारवलेल्या किंवा धूर दिलेल्या मांसाचा तुकडा लावीत. तो मुख्यतः चवीपुरता. आपल्याकडे ज्या घरात मांस चालत नाही, तेथे कांदा, लसूण, सुकी लाल मिरची आणि जरा सढळ तेल यांवर काम भागते. खालील मापे पाच-सहा माणसांची आहेत.

१. जाड पाल्याची भाजी आणि तिचे पाणी

तिकडची मुख्य पालेभाजी म्हणजे 'कॉलर्ड'. हा गड्डा न धरणारा कोबीच होय. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि कॉलर्ड ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीची भावंडे. म्हणजे नवलकोलाचा जो पाला आपण गोठ्यात टाकतो, तो कॉलर्डचा सख्खा भाऊ. मोहरीचा पालाही तिकडे असाच करतात. मुळ्याचा पालाही या रीतीने चांगला होतो.

मात्र एक सावधगिरी बाळगा. बाजारच्या कोबी-फ्लॉवरची बाहेरची पाने वापरू नका. त्यांवर औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात. घरच्या, न फवारलेल्या वाफ्यातलाच पाला घ्या.

एक किलो पाला तीन पाण्यांनी धुवावा. जाड शिरा काढून पाने गुंडाळून बोटभर रुंद चिरावीत. पातेल्यात तीन चमचे तेलावर एक मोठा कांदा परतावा, सहा पाकळ्या लसूण व दोन सुक्या मिरच्या घालाव्यात. मग चार वाट्या पाणी ओतून ते उकळले की पाला घालावा. ढीग मोठा दिसतो, पण पाच मिनिटांत बसतो. झाकण ठेवून मंद आचेवर नवलकोलाचा पाला पाऊण तास, मोहरी किंवा मुळ्याचा अर्धा तास शिजवावा. मीठ शेवटी घालावे. पाणी आटत जाते, तेव्हा आधी घातलेले मीठ नंतर जास्त होते. उतरवल्यावर एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालावा. पाल्याचा कडवटपणा त्याने मवाळ होतो.

आता मुख्य गोष्ट. पातेल्यात उरते ते हिरवट पाणी ओतून देऊ नये. त्याला तिकडे 'पॉट-लिकर' म्हणतात, म्हणजे भांड्यातला रस. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क्षार भाजी शिजताना याच पाण्यात उतरतात. क जीवनसत्त्व लांब शिजवण्याने बरेच कमी होते हे खरे. पण बाकीचे जे पाण्यात गेले, ते पाणी पोटात गेले तरच आपले. तिकडे असे सांगतात की मालकाच्या घरी पाला खात आणि रस गुलामांकडे येई. आणि कस त्या रसातच असे.

पुढे या रसाला एवढी प्रतिष्ठा आली की १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाचे एक वर्तमानपत्र यांच्यात त्यावरून जाहीर वाद झाला. मक्याची भाकरी रसात बुडवून खावी की कुस्करून, एवढाच मुद्दा! लाँग बुडवण्याच्या बाजूचे. आपण भाकरी कुस्करणारी माणसे, आपला निकाल ठरलेला आहे.

२. चवळी

चवळी मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती फार प्राचीन काळी आली, आणि अमेरिकेत ती गुलामांच्या जहाजांबरोबर गेली. तिकडे १ जानेवारीला चवळी-भात खाल्ला तर वर्ष चांगले जाते अशी समजूत आहे. सोबत पाला असतो तो नोटांच्या रंगाचा म्हणून, आणि मक्याची भाकरी सोन्याच्या रंगाची म्हणून. या चवळी-भाताला 'हॉपिंग जॉन' म्हणतात. त्याची कृती सारा रटलेज यांच्या 'द कॅरोलिना हाउसवाइफ' या १८४७ सालच्या पुस्तकात छापलेली आहे.

दोन वाट्या चवळी चार तास भिजवावी. तेलावर कांदा, लसूण आणि चिरलेली ढोबळी मिरची परतून त्यात चवळी व बुडून वर दोन बोटे येईल एवढे पाणी घालावे. एक तमालपत्र, थोडी मिरपूड. उघड्या भांड्यात मंद आचेवर पाऊण तासाच्या आत दाणा शिजतो. कुकर लावला तर चवळीचा गाळ होतो, म्हणून घाई असली तरी एकाच शिट्टीवर थांबावे. टोमॅटो घालायचा तर दाणा मऊ झाल्यावरच. आंबटपणाने साल कडक राहते. दाणा अखंड, आणि रस्सा दाट, ही खूण. हॉपिंग जॉन करायचा तर याच रश्श्यात तांदूळ शिजवावा.

३. भेंडी

भेंडीही तिकडे आफ्रिकेतूनच गेली. लुइझियानाच्या प्रसिद्ध 'गंबो' या रश्श्याचे नाव आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून पडले आहे. भेंडीचा चिकटपणा पाण्याने वाढतो, हे आपल्या घरच्या बायांना कोणी शिकवायला नको. तिकडच्या रीतीतही तेच सूत्र. भेंडी अख्खी धुवावी, फडक्याने कोरडी पुसावी, मगच चिरावी.

पाव किलोचा एक घाणा धरावा. अर्ध्या इंचाचे काप थोड्या ताकात घोळवावेत, मीठ-तिखट घातलेल्या रवाळ मक्याच्या पिठात लोळवावेत आणि कडकडीत तेलात थोडे थोडे तळावेत. एकदम सगळे टाकले की तेल थंड होते आणि कवच मऊ पडते.

तळण नको असेल त्यांनी कांदा परतून अर्धा किलो भेंडी आणि चार पिकलेले टोमॅटो एकत्र वीस मिनिटे शिजवावेत. टोमॅटोच्या आंबटपणाने चिकटपणा मोडतो. ही भाजी लोखंडी कढईत करू नये. लोखंडात आंबट पदार्थ काळा पडतो आणि चव बिघडते.

४. काकवीतली रताळी

हा पदार्थ खास आपल्या सभासदांसाठी. तिकडे त्याला 'कँडीड यॅम' म्हणतात. नाव यॅमचे असले तरी आत रताळेच असते. आफ्रिकेत यॅम म्हणजे वेगळाच कंद. तिकडून आणलेल्या माणसांना नव्या देशात रताळे भेटले आणि त्यांनी जुने नाव त्याला दिले असे मानतात. रताळे मात्र अमेरिका खंडातलेच, तेथूनच ते आपल्याकडे आले.

लुइझियाना, जॉर्जिया, अलाबामा या भागांत उसाचा रस आटवून पाक करीत, आजही करतात. ती आपली काकवीच. टेनेसी, केंटकीकडे गोड धांड्याच्या ज्वारीपासून असाच पाक करतात.

एक किलो रताळी सालासकट अर्धवट उकडावीत. साल काढून बोटभर जाड चकत्या कराव्यात. पसरट भांड्यात दोन चमचे लोणी किंवा तूप, पाऊण वाटी काकवी, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ व किसलेले जायफळ घालून चकत्या पसराव्यात. झाकण न ठेवता मंद आचेवर, अधूनमधून वरून पाक सोडीत, वीस मिनिटे ठेवावे. काकवी चकत्यांना चकाकी धरू लागली की उतरवावे. हे पक्वान्न नव्हे, तोंडी लावणे आहे. दोन चकत्या पुरे. मधुमेह असणाऱ्यांनी तर बेतानेच.

सोबत मक्याची भाकरी

तिकडची मक्याची भाकरी थापत नाहीत, ओततात. दोन वाट्या रवाळ मक्याचे पीठ, दीड ते दोन वाट्या आंबट घट्ट ताक, एक अंडे, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, मीठ. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ फुगते. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, तो बांध अंडे देते. अंडे नको तर एक मूठ कणीक घालावी. जाड लोखंडी तव्यात दोन चमचे तेल चांगले तापवून त्यात मिश्रण ओतावे, चर्र आवाज आला पाहिजे. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे, मग उलटून पाच मिनिटे.

यात साखर घालावी की नाही, यावर तिकडे घराघरांत भांडण आहे. जुन्या वळणाचे दक्षिणी लोक 'मुळीच नको' म्हणतात. साखर कारखान्याच्या वार्तापत्रात हे छापणे जिवावर येते, पण पाल्याच्या रसाबरोबर बिनसाखरेचीच भाकरी चांगली लागते.

रानापासून ताटापर्यंत

'एक होता कार्व्हर' हे वीणा गवाणकर यांचे १९८१ सालचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मले आणि १८९६ पासून अलाबामातील टस्कीगी येथे शेतीचे अध्यापन करू लागले. वर्षानुवर्षे कापूस घेऊन तिथली जमीन निःसत्त्व झाली होती. त्यांनी शेतकऱ्यांना चवळी, भुईमूग आणि रताळी लावायला सांगितले. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे त्यामागचे शास्त्र. पण नुसते 'लावा' म्हणून शेतकरी ऐकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पिकवले तर खायचे कसे, याचेही उत्तर हवे. म्हणून १९१७ सालच्या पत्रिकेत त्यांनी चवळी लावण्याच्या पद्धतीबरोबर तिचे चाळीस पदार्थ छापले. जमीन सुधारण्याचा मार्ग त्यांनी स्वयंपाकघरातून काढला.

आपले दुखणे निराळे नाही. उसावर ऊस घेऊन रान थकते, आणि शेतकऱ्याच्या घरी भाजी मात्र आठवडी बाजारातून येते. लागणीनंतरचे पहिले दोन-तीन महिने ऊस लहान असतो. तेवढ्यात सरीच्या बगलेला चवळी निघते. बांधाला भेंडीची एक ओळ, न्हाणीच्या पाण्यावर नवलकोल, मुळा आणि मोहरीचे चार वाफे, कोपऱ्यात रताळ्याचे वेल. याला वेगळी जमीन लागत नाही.

ज्यांना जमिनीचा तुकडाही आपला म्हणता येत नव्हता, त्यांनी झोपडीमागच्या चार वाफ्यांवर लेकरे जगवली आणि पाल्याचे पाणीसुद्धा वाया जाऊ दिले नाही. आपली तर जमीन आपली, पाणी आपले, कारखान्यातला भागही आपला. मग पालाच तेवढा गोठ्यात का?

गळीत हंगामाच्या धामधुमीतच १ जानेवारी येतो. त्या दिवशी घरी चवळी-भात, जाड पाल्याची भाजी आणि मक्याची भाकरी करून पाहावी. आणि पातेल्यातले पाणी, पुन्हा सांगतो, ओतू नये. भाकरी कुस्करावी.