सातकुंडाचे पाणी कोठून येते? – अजिंठ्याच्या डोंगरातील एक दिवस

श्रावण लागला की अजिंठ्याच्या डोंगराकडे पाहुण्यांची रीघ सुरू होते. डोंगर हिरवागार होतो, वाघूर नदी भरून वाहू लागते आणि लेण्यांच्या दरीच्या टोकाशी सातकुंडाचा धबधबा गर्जू लागतो. लेणी पाहावयास आलेला प्रवासी तो धबधबा डोळे भरून पाहतो आणि आपल्या गावी परत जातो. हे पाणी कोठून आले, येताना त्याने काय आणले आणि ते घेऊन ते कोठे निघाले, हा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. शेतकऱ्याच्या मनात मात्र तो आल्यावाचून राहू नये. कारण धबधब्यात पडणारे पाणी आधी कोणाच्या तरी शेतातून वाहून आलेले असते.

या लेखात अजिंठ्याच्या डोंगरात वाटाड्याबरोबर काढावयाच्या एका दिवसाची आखणी दिली आहे. डोंगरालगतच्या गावांना पाहुण्यांपासून चार पैसे मिळावेत, हा तिचा एक हेतू होय. डोंगर चढता-उतरताना आपल्या जमिनीची स्थिती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता यावी, हा दुसरा हेतू त्याहून मोठा आहे. ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी गावातील तरुण शेतकऱ्यांचा एखादा गट असा दिवसभर फिरवून आणावा. पुढे त्यांतूनच चांगले वाटाडे तयार होतील.

डोंगराचे दोन उतार

निघण्यापूर्वी डोंगराची ओळख करून घ्यावी. अजिंठ्याची रांग ही तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधील दुभाजक आहे. रांगेच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस वाघूरसारख्या नद्यांतून तापीला मिळतो आणि अरबी समुद्राकडे जातो. दक्षिण अंगाला पडलेला पाऊस पूर्णेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराकडे जातो. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, पण त्यांचे समुद्र वेगळे! दक्षिणेकडील उतार मंद असून त्या पठारावर सिल्लोड तालुक्याची मका, कापूस आणि मिरचीची शेती आहे. उत्तरेकडे मात्र डोंगर एकदम तुटतो आणि खाली सोयगाव तालुक्याचा व पुढे खानदेशाचा मुलूख लागतो.

हा सारा डोंगर फार प्राचीन काळी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तयार झाला. काही थर कठीण, तर काही सच्छिद्र व मऊ आहेत. मऊ थर पाण्याने लवकर झिजतात आणि कठीण थर पायऱ्यांसारखे मागे राहतात. धबधबे पडतात ते याच पायऱ्यांवरून. थरांच्या सांध्यात पाणी मुरते आणि खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. विहिरीला पाणी कोठे लागेल हे जाणणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवीन नाही.

सकाळी: अजिंठा गाव व लेणापूर

दिवसाची सुरुवात अजिंठा गावातून करावी. जुनी तटबंदी व सराई असलेले हे गाव लेण्यांपेक्षा वेगळे आहे आणि घाटाच्या माथ्यावर वसलेले आहे. सकाळी सहाच्या सुमारास निघावे. गटात दहा-बारा माणसांहून अधिक नसावीत. त्यांच्यापुढे एक वाटाड्या आणि सर्वांच्या मागे एक जाणता माणूस असावा. प्रत्येकाजवळ पाणी, शिदोरी, काठी आणि तळ न झिजलेली पादत्राणे असावीत. याशिवाय वाटाड्याने तीन स्वच्छ, पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. त्यांचे काम पुढे येईल.

पठारावरून लेणापूरकडे जावे. लेण्यांच्या माथ्यावरील या गावाच्या नावातच लेणे आहे. येथे शिवारातून चालताना पाहुण्यांनी बांधावरूनच चालावे, पिकात पाऊल टाकू नये. नुकतेच औषध फवारलेले शेत वाटाड्याने टाळावे.

या पठारावर एक गोष्ट मुद्दाम दाखवावी. शेजारशेजारची दोन शेते निवडावीत. एकात पेरणी उताराच्या दिशेने झालेली असते, दुसऱ्यात उताराला आडवी. पहिल्या शेतात प्रत्येक तास म्हणजे पाण्याची एक नाली झालेली असते. दुसऱ्यात प्रत्येक तास हा एक लहानसा बांध होतो आणि पाणी थांबत थांबत मुरते. दोन्ही शेतांवर पाऊस सारखाच पडला. फरक नांगराच्या दिशेचा आहे. पहिल्या शेतातून बाहेर पडणाऱ्या ओहोळाचे पाणी पहिल्या बाटलीत भरावे आणि दुसऱ्या शेतातील दुसऱ्या बाटलीत. तिसरी बाटली जंगलातून येणाऱ्या एखाद्या झऱ्यावर भरावी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात.

सातकुंड

पठाराच्या कडेला निरीक्षणस्थळ आहे. तेथून घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, तिच्या कड्यात कोरलेली लेण्यांची रांग आणि तळाशी वळण घेणारी वाघूर एका दृष्टिक्षेपात दिसते. दरीच्या टोकाशी नदी एकामागून एक सात टप्प्यांनी खाली उतरते, म्हणून त्या स्थानास सातकुंड म्हणतात.

मोठा पाऊस होऊन गेल्यावर येथे आलेला शहरातील पाहुणा हटकून विचारतो, “दादा, पाणी असे गढूळ का?” बहुतेक वाटाडे सांगतात, “नवं पाणी आहे, पावसाळ्यात असंच असतं.” हे उत्तर अपुरे आहे. वाटाड्या स्वतः शेतकरी असेल तर त्याने खरे ते सांगावे: “पाहुणे, ही आमच्या वरच्या शेतांची माती आहे.”

ही माती किती, याचा हिशेब सोपा आहे. एका हेक्टरावरील केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर सुमारे १० घनमीटर, म्हणजे जवळजवळ १३ टन माती जाते. एका बैलगाडीत अर्धा टन माती धरली तर या २६ गाड्या झाल्या. आपल्या शेतातून कोणी २६ गाड्या माती भरून नेऊ लागला तर आपण काठी घेऊन धावू. पावसाने नेली की आपण आभाळाकडे पाहून स्वस्थ बसतो. अशी एक बोट जाडीची माती तयार व्हावयास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचाही हिशेब असाच आहे. २५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे एका हेक्टरावर अडीच लाख लिटर पाणी पडते. त्यातील जेवढे शेतात मुरेल तेवढे आपले. जे धावत सुटले ते जाताना माती घेऊनच जाते.

दरी उतरताना घ्यावयाची काळजी

निरीक्षणस्थळापासून वाघूरच्या पात्राकडे पायवाट उतरते. पावसाळ्यात ती निसरडी असते, म्हणून घाई करू नये. दरीत ऊन असले तरी वर पठारावर जोराची सर आली तर नदी पाहता पाहता फुगते. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या व पालापाचोळा येऊ लागणे ही लोंढ्याची पूर्वसूचना समजावी आणि तत्काळ उंच जागी जावे. कुंडात पोहण्यास कोणासही उतरू देऊ नये. शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरला तर जवळचा माणूसही मदत करू शकत नाही. विजा चमकत असता माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर करू नये, मोठ्याने ओरडू नये, दगड मारू नये. हवामान विभागाने मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल त्या दिवशी सहल रद्द करावी. पाहुणा नाराज झाला तरी चालेल.

हा प्रदेश वनविभागाच्या आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे. वाट कोणती खुली आहे हे आधी विचारून परवानगी घ्यावी. लेणी सोमवारी बंद असतात.

दुपारी: लेण्यांतील माती

लेण्यांतील शिल्पे व चित्रे जगविख्यात आहेत. पहिली लेणी इसवी सनापूर्वीच्या काळात आणि पुढची बहुतांश पाचव्या शतकात, वाकाटकांच्या राजवटीत खोदली गेली. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही सर्व माहिती तेथील मार्गदर्शक सांगतातच. शेतकऱ्याने मात्र येथे आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे भिंतीवरील गिलावा.

ही चित्रे थेट कातळावर काढलेली नाहीत. खडबडीत दगडावर आधी मातीचा लेप दिला, त्यावर पातळ पांढरा हात दिला आणि मग रंग भरले. त्या मातीत धान्याचा भुसा, गवत व वनस्पतींचे तंतू मळलेले होते. तांबडा, पिवळा आणि हिरवा हे रंगही मातीतून व दगडातूनच मिळविलेले आहेत. निळ्यासाठी मात्र दूरदेशीचा दगड आणावा लागला. उभ्या भिंतीवर लावलेली माती दीड हजार वर्षे टिकून राहिली, त्याचे एक कारण तंतूंनी तिला धरून ठेवले हे होय. आपल्या शेतातील माती त्याहून कितीतरी मंद उतारावर असूनही एका पावसात सुटते, कारण तिला धरून ठेवणारी मुळे, धसकटे आणि पालापाचोळा आपण काढून टाकलेला असतो किंवा जाळलेला असतो. याहून सोपा धडा कोणत्या पुस्तकात मिळेल?

लेणे क्रमांक १७ मधील शिलालेखात तेथे खोदविलेल्या पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. खाली नदी वाहत असतानाही त्या लोकांनी पाणी साठविण्याची सोय केली. पावसाळ्यातील नदीवर उन्हाळ्याचा भरवसा ठेवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

लेणे क्रमांक १० मध्ये एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरलेले आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीसाठी आलेल्या या अधिकाऱ्याला लेणी दिसली. एका गुराखी मुलाने त्याला वाट दाखविली असे सांगतात. अधिकाऱ्याचे नाव खांबावर राहिले. मुलाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आजच्या वाटाड्याच्या बाबतीत असे होऊ देऊ नये.

संध्याकाळी: फर्दापूर

लेण्यांपासून बसने फर्दापूरच्या फाट्यावर यावे. खाजगी वाहने लेण्यांपर्यंत जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. गावात एखाद्या बचत गटाकडे जेवणाची व्यवस्था आधी सांगून ठेवावी. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा यांपुढे पाहुण्याला हॉटेल आठवत नाही.

जेवण होईपर्यंत सकाळच्या तीन बाटल्या ओट्यावर हलविल्याविना ठेवाव्यात. रेती लगेच तळाशी बसलेली असते, तिच्यावर गाळाचा थर असतो. चिकण माती मात्र पाण्यात तरंगत राहते. ती बसावी म्हणून चिमूटभर तुरटी टाकावी. मग तिन्ही बाटल्यांतील थर पट्टीने मोजावेत. उताराच्या पेरणीचा, आडव्या पेरणीचा आणि जंगलाचा थर यांतील अंतर पाहिल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही.

वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात जाते. तेथे तिच्यावर धरण असून जळगाव शहराला त्याचे पाणी मिळते. म्हणजे पहिल्या बाटलीतील माती आपल्या शेतातून गेली, ती शेवटी एखाद्या जलाशयाच्या पोटात जाऊन बसावयाची. धरणातील गाळ काढून शेतात नेण्यासाठी शासनाने २०१७ मध्ये योजना सुरू केली. ती उपयुक्त आहे. परंतु गेलेली माती ट्रॅक्टरने परत आणण्यापेक्षा ती जाऊच न देणे केव्हाही स्वस्त.

गावाने करावयाची कामे

१. डोंगरउतारावर समतल चर, ओघळींत अनघड दगडांचे बांध आणि शेतात बांधबंदिस्ती, या क्रमाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे करावीत. खालून सुरुवात केल्यास वरचा लोंढा बांध फोडतो.

२. पेरणी व आंतरमशागत उताराला आडवी करावी. बांधावर मारवेल किंवा पवन्या गवत लावावे. माती धरली जाते आणि जनावरांना चारा मिळतो.

३. हलक्या उताराच्या जमिनीत सीताफळासारखी काटक फळझाडे लावावीत.

४. ग्रामसभेत ठराव करून वाटाड्यांची नावे नोंदवावीत, त्यांचा मोबदला ठरवावा आणि त्यांना प्रथमोपचार शिकवावा. मिळकतीचा काही भाग ओघळी बांधण्याच्या कामास द्यावा. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण काय देते, हे ग्रामसेवकांनी समजावून सांगावे.

५. पाहुण्याने आणलेले प्लास्टिक पाहुण्यानेच परत न्यावे.

याच सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांनी अजिंठ्यावर दीर्घकाव्य लिहिले आणि त्याच हातांनी शेती केली, पाणी अडविण्याचा आग्रह धरला. डोंगराचे सौंदर्य आणि डोंगराची माती ही दोन वेगळी धने नाहीत, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, पुढच्या पावसाळ्यात सातकुंडापाशी उभे राहाल तेव्हा धबधब्याची उंची पाहून थांबू नका. त्याचा रंगही पाहा. ज्या वर्षी मोठ्या पावसानंतरही ते पाणी निवळ दिसू लागेल, त्या वर्षी पाहुण्याला अभिमानाने सांगता येईल, “पाहुणे, वरची माती आम्ही वरच ठेवली आहे.”