आईचे गुडघे का दुखतात?

कानाचा वरचा भाग बोटांनी दुमडून पाहा. तो सहज वाकतो आणि सोडताच पूर्ववत होतो. कारण त्यात हाड नसून कूर्चा असते. अशाच, पण अधिक गुळगुळीत कूर्चेचा थर गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर असतो. त्याची जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर!

या थरात ७० ते ८० टक्के पाणी असते, पण रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला अन्न कसे मिळते? पाण्यात बुडवलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की आत शिरते. चालताना कूर्चेचेही असेच होते आणि सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिचे पोषण होते.

कूर्चा झिजू लागली की सांधा दुखतो व आखडतो. हाच अस्थिसंधिवात. पन्नाशीनंतर हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच अधिक आढळतो. असे का व्हावे?

साधारणपणे ४५ ते ५५ या वयात स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते. ही रजोनिवृत्ती, हा आजार नव्हे. या सुमारास बीजांडकोशांतून मिळणारे ईस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप घटते. कूर्चेच्या पेशींत ईस्ट्रोजेन ओळखणारे ग्राही असतात. बीजांडकोश काढून टाकलेल्या उंदरांत कूर्चेची झीज वाढल्याचेही प्रयोगांत दिसले आहे.

मग ईस्ट्रोजेन बाहेरून दिले की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण गणित इतके सोपे नाही. स्त्रियांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून केवळ गुडघ्यांसाठी हा उपचार करीत नाहीत. शिवाय वय, वजन, जुनी इजा, अनुवंशिकता आणि मांडीच्या स्नायूंचा अशक्तपणा यांचाही झिजेत वाटा असतो.

झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. दुखणे मात्र कमी करता येते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थूल रुग्णांचे वजन १ किलोने घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे आढळले.

“गुडघे दुखतात ना, मग बसून राहा,” असे आपण घरात सहज म्हणतो. आता तो स्पंज आठवा! झेपेल इतके चालणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हाच येथे मुख्य उपाय आहे. सांधा सुजला किंवा गरम लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे.

आई उकिडवी बसून भाजी निवडत असेल, तर तिला आज खुर्ची द्या. आणि संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जा.