यंत्र अडतं कुठे, ते आधी पाहा

डोंबिवलीत माझ्या मामेबहिणीचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंकांची पानं आणि अधूनमधून तीन-चारशे पानांचं एखादं पुस्तक, असं काम तिच्याकडे येतं. २०१९मध्ये असेंबल करून घेतलेला तिचा कॉम्प्युटर अलीकडे फार रखडायला लागला होता. पत्रिकेची फाइल उघडेपर्यंत समोरचा ग्राहक खुर्चीत चुळबुळ करायचा. नव्या कॉम्प्युटरइतके पैसे हाताशी नव्हते. "दादा, आहे त्यातच काहीतरी कर," असं ती म्हणाली आणि भाग निवडायचं काम माझ्याकडे आलं.

असं काम आलं की थेट बाजार गाठायचा मोह होतो. तो आवरावा. बाजारात प्रत्येक भागाचे गुण ऐकायला मिळतात, आपल्या यंत्राचं दुखणं मात्र आपल्यालाच शोधावं लागतं. ते सापडतं ऐन कामाच्या वेळी. म्हणून मी तिच्या शेजारी बसलो आणि तिला नेहमीसारखं काम करायला सांगितलं. एकीकडे पुस्तकाची पानं मांडणं चालू, दुसरीकडे कोरल ड्रॉ उघडं, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप आणि बरेच टॅब. विंडोजचा टास्क मॅनेजर कोपऱ्यात उघडून ठेवला. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे बघायचे. जो आकडा शंभराला टेकून राहतो, तिथे यंत्र अडतं.

तिच्याकडे डिस्क सतत शंभरावर होती आणि मेमरी नव्वदीच्या पुढे. प्रोसेसर बराच वेळ रिकामा बसलेला असायचा. मोठ्या पुस्तकाची पीडीएफ काढताना तेवढे त्याचे चारही कोअर भरून जायचे. मेमरी कमी पडली की विंडोज जास्तीचा मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि गरज लागली की परत आणतं. हार्ड डिस्क तर यंत्रातला सगळ्यांत मंद भाग. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, आणि वाचणारं हेड योग्य जागी पोचेपर्यंत दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तेच काम साधारण एक-दशांश मिलिसेकंदात होतं. शंभरपट फरक पडायची जागा ही होती. नुसता प्रोसेसर बदलून तो पडला नसता.

मग कॅबिनेट उघडून आत काय आहे ते कागदावर उतरवलं. एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ए३२० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क आणि '४५० वॉट' असं छापलेला, फारसा कुणाला माहीत नसलेल्या ब्रँडचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. बोर्डावर छापलेलं मॉडेलचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबरही लिहून घेतला. पुढचे सगळे निर्णय त्या एका ओळीवर ठरतात.

या यादीत सगळ्यांत मोलाचं निघालं ते बोर्डावरचं सॉकेट. एएम४ सॉकेटवर पहिले रायझन २०१७मध्ये आले आणि एएमडीने ते सॉकेट पुढे अनेक वर्षं टिकवलं. २०२२मध्ये तर कंपनीने ए३२०सारख्या पहिल्या फळीच्या बोर्डांनाही रायझन ५००० मालिका खुली केली. अट एवढीच, की बोर्ड बनवणाऱ्याने तसा बायोस दिलेला असावा. तिच्या बोर्डासाठी तो दिलेला होता. बोर्ड तोच राहिला की रॅम तीच चालते, कॅबिनेट तेच चालतं, आणि बोर्डाशी बांधलेलं विंडोजचं लायसन्सही टिकतं. त्यानंतरचं एएम५ सॉकेट घ्यायचं म्हटलं असतं तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही एकदम विकत घ्यावे लागले असते.

प्रोसेसर बदलायला आणखी एक कारण होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. २२००जीच्या नावात दोन हजाराचा आकडा असला तरी आतली रचना पहिल्या पिढीची, म्हणून तो या यादीत नाही. घरात कधीमधी वापरायच्या कॉम्प्युटरला हे कदाचित चालून जाईल. डीटीपीच्या दुकानात मात्र दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात. तिथे सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं विंडोज ठेवणं धोक्याचं आहे.

एवढं ठरल्यावर आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की थोड्या अंतरावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरची ही दुकानं लागतात. अरुंद गाळे, छतापर्यंत रचलेले खोके, काउंटरवर कॅल्क्युलेटर आणि सतत वाजणारे फोन. रविवारी जाऊ नये, तेव्हा बहुतेक बाजार बंद असतो. तीन-चार दुकानांतून कोटेशन घ्यावं आणि प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव त्यात लिहून मागावं. '५०० जीबी एसएसडी' एवढंच लिहिलेल्या कोटेशनला अर्थ नसतो.

या वेळी प्रत्येक काउंटरवर एकच वाक्य ऐकू येत होतं, भाव आजचाच. याचं मूळ दूर आहे. जगातली बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे त्यांनी उत्पादन वळवलं आणि २०२५च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने 'क्रुशिअल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुन्या कॅबिनेटमधली चालू स्थितीतली डीडीआर४ स्टिक ही शिल्लक पुंजीच असते. ती काढून टाकून नवी जोडी घेण्यापेक्षा तिला जोडीदार आणणं शहाणपणाचं.

जुनी स्टिक आम्ही बरोबरच नेली होती. दोन स्टिक वेगवेगळ्या वेगाच्या असल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. इथे जुनी २४००ची होती, तेव्हा नवी ३२००ची आणली तरी धाव २४००चीच. तरीही हा सौदा फायद्याचा होता. तिच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच आपला वाटा उचलतं. तिच्या यंत्रात ८ जीबीपैकी २ जीबी तिकडे राखून ठेवलेली होती, म्हणजे कामाला ६ जीबीच उरत होती. शिवाय एका स्टिकमुळे मेमरीची एकच वाट वापरात होती. दुसरी स्टिक लागली की ड्युअल चॅनल सुरू होतं आणि त्याचा लाभ आतल्या ग्राफिक्सला लगेच मिळतो. १६ जीबी तिच्या कामाला पुरेशी आहे. ३२चा आग्रह दुकानदाराने धरला, तो आम्ही मानला नाही.

एसएसडी निवडताना बोर्डाचं मॅन्युअल उघडून पाहावं. एम.२ खाच दिसली म्हणून तिथे एनव्हीएमई चालेलच असं नाही; काही बोर्डांवर तिथे फक्त साटा चालतं. तिच्या बोर्डावर एनव्हीएमई चालत होतं, पण पीसीआयई ३.० वेगाने. त्यामुळे चौथ्या पिढीच्या महागड्या ड्राइव्हला जास्त पैसे देण्यात अर्थ नव्हता, तोही तिसऱ्याच पिढीच्या वेगाने धावला असता. एम.२ खाच नसेल तर साटा एसएसडी घ्यावी. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो आणि हार्ड डिस्कवरून येणाऱ्या माणसाला तीही खूप जलद वाटते. खोक्यावर टीबीडब्ल्यूचा आकडा शोधावा. ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी हमी देते, ते त्यातून कळतं. ३०० टीबीडब्ल्यूच्या ड्राइव्हवर रोज ३० जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला सत्तावीस वर्षं लागतील. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह किती तास चालला आहे ते पाहावं. नव्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर तो वापरलेला माल आहे, त्याच दिवशी परत करावा.

प्रोसेसरच्या काउंटरवर मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "ग्राफिक्स कार्ड है क्या?" नाही म्हणताच त्याने पुढे काढलेला स्वस्त रायझन ५ ५५००चा डबा मागे सरकवला. कामाची जाण असलेला माणूस अशा प्रश्नावरून ओळखू येतो. ५५०० आणि ५६०० यांत ग्राफिक्स नाही. कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला ते लावले तर पडद्यावर काहीच उमटत नाही. आम्हाला ५६००जी हवा होता. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. इंटेलचा घेणाऱ्यांनी नावाच्या शेवटी 'एफ' आहे का ते बघावं, त्या अक्षराचा अर्थ तोच. सर्वांत मोठा प्रोसेसर घ्यायची घाई ए३२०वर करू नये. या बोर्डांची प्रोसेसरला वीज देणारी व्यवस्था बेताची असते. ६५ वॉट ती सांभाळते, १०५ वॉटच्या आठ कोअरवाल्याचा भार तिच्यावर टाकू नये.

आता एसएमपीएस. सगळ्यांत जास्त काटकसर याच भागावर होते आणि सगळ्यांत कमी व्हायला हवी तीही याच भागावर. जुन्याच्या लेबलवर ठळक '४५० वॉट' होतं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. आजच्या कॉम्प्युटरचा जवळजवळ सगळा भार या १२ व्होल्टवर असतो, त्यामुळे खरी ताकद तेवढीच समजायची. तिच्या नव्या यंत्राची एकूण भूक पूर्ण भारावरही दीडशे वॉटच्या आसपास राहील. म्हणून ७५० वॉटची गरज नव्हती. गरज होती ती प्रामाणिक ४५० वॉटची. ८० प्लसचं प्रमाणपत्र, जास्त व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण, आणि १२ व्होल्टवर तीसच्या पुढे अँपिअर, एवढं लेबलवर पाहून घ्यावं. बिघडताना हा भाग इतर भागांनाही बरोबर नेऊ शकतो. आणखी एक तपासणी घरी करायची. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि काही स्वस्त यूपीएसशी त्याचं जुळत नाही. काम सेव्ह करून यूपीएसचं बटण भिंतीवर बंद करून बघावं. कॉम्प्युटर चालू राहिला तर ठीक.

पैसे देताना कच्च्या बिलाचा प्रस्ताव येतो. या मालावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे तो ऐकायला गोड वाटतो. पक्कंच बिल घ्यावं आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्यावा. प्रोसेसर डब्यातला घ्यावा. ट्रे पीस, म्हणजे डब्याविना सुटा प्रोसेसर, स्वस्त मिळतो, पण डब्याबरोबर येणारी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि पंखा त्याच्याबरोबर मिळत नाहीत.

जोडणीत क्रम पाळावा लागतो. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. फाइल बोर्डाच्या कंपनीच्याच साइटवरून, रिव्हिजन नंबर जुळवून घ्यायची, आणि अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यंत्र यूपीएसवर ठेवायचं. मग कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करायचा, म्हणजे पंख्याखालची वाळलेली पेस्ट मऊ होते. बंद करून, प्लग काढून पंखा हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवायचा. सरळ वर ओढायचा नाही. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात आणि ओढला तर तो खटका बंद असतानाही पंख्याला चिकटून बाहेर येऊ शकतो. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवायचा, जोर लावायचा नाही. डब्यातल्या पंख्याला पेस्ट लावलेलीच असते. त्याचे चार स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे घट्ट करायचे.

डीटीपीवाल्यांनी विंडोज नव्याने टाकण्याआधी एक काम विसरू नये: फॉन्टचं पूर्ण फोल्डर कॉपी करून ठेवणं. आपल्याकडची वर्षानुवर्षांची मराठी कामं युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. नेमका तोच फॉन्ट नसेल तर त्या फाइलींत नुसती अगम्य चिन्हं दिसतात. सॉफ्टवेअरच्या डोंगलचा ड्रायव्हर आणि इन्स्टॉलेशनच्या फाइलीही जपून ठेवाव्यात. मग बायोसमध्ये फर्मवेअर टीपीएम चालू केलं, विंडोज ११ एसएसडीवर टाकलं, जुनी हार्ड डिस्क बॅकअपसाठी आत ठेवली. तेच पुस्तक, तेच कोरल ड्रॉ, तेवढेच टॅब पुन्हा उघडले. डिस्कचा आकडा आता एक अंकी होता आणि पीडीएफ निघत असतानाही तिला दुसऱ्या फाइलवर काम करता येत होतं.

पैसे अगदीच थोडे असतील तर माझा सल्ला असा: एसएमपीएस दगा देण्याजोगा असेल तर तो सर्वांत आधी बदला. त्यानंतर एसएसडी घ्या, मग रॅम, आणि प्रोसेसर सर्वांत शेवटी. जुने भाग भंगारात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. आणि नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन मागण्यापूर्वी घरच्या बोर्डाचं मॉडेल आणि त्यावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी एकदा जरूर पाहा. तुमच्या जुन्या कॅबिनेटमध्येही अजून काही वर्षांचं काम शिल्लक असू शकतं.