ठेका मिळाला की पाऊल उचलतं

साकीनाक्याला मेट्रो स्थानकाखालचा रस्ता ओलांडणं धडधाकट माणसालाही सोपं नाही. पार्किन्सन्स झालेल्याचं तर तिथे पाऊलच चिकटतं. मन म्हणतं ‘चल’, पाय खिळलेले आणि बाजूने हॉर्न. पुष्कळदा हाच माणूस स्थानकाचा जिना मात्र सरळ चढून जातो. बघणाऱ्याला वाटतं, सोंग करतोय. कधीकधी घरच्यांनाही वाटतं, आणि ते ऐकणं आजारापेक्षा जड जातं.

ते सोंग नसतं. चालणं, वळणं, गुंड्या लावणं ही कामं आपण विचार न करता करतो. त्यांचा आतला ठेका सांभाळायला मेंदूत डोपामिन लागतं. ते बनवणाऱ्या पेशी या आजारात झडत जातात आणि ठेका चुकतो. बाहेरून ठेका मिळाला, तर मेंदू तीच हालचाल दुसऱ्या वाटेने करून घेऊ शकतो. जिन्याची पायरी, झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा, ढोलाचा ठोका हे सगळे असे बाहेरचे इशारे. नाच या आजारात कामाला येतो तो इथे.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला. आयुर्वेदात याच्याशी मिळत्याजुळत्या कंपवाताचं वर्णन आहे, आणि त्यावर दिल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्ये आज गोळीतून मिळणारं लेव्होडोपा हे औषधच असतं. पण गोळीचा अंमल चढतो आणि उतरतो. मधल्या वेळात माणूस बाहेर पडायला घाबरतो. मग मित्र सुटतात, बोलणं सुटतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 साली मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने तिथल्या पार्किन्सन्स गटासोबत नाचाचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी 2010 च्या सुमारास असा वर्ग उभा केला. ते मुळात कथक शिकलेले. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. मला हे शब्द फार मोलाचे वाटतात, कारण नाचाच्या वर्गातही हेच घडतं. ‘पेशंट’ हा शब्द दाराबाहेर राहतो.

असे वर्ग बहुधा खुर्चीवर बसूनच सुरू होतात. आधी हात, खांदे, मान, मग खुर्चीला धरून उभं राहणं, मग चाल. नृत्यातल्या अभिनयाचा इथे वेगळाच उपयोग आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, माणूस आनंदात असला तरी चेहरा कोरा दिसतो आणि नातवंडांना वाटतं, आजोबा रागावलेत. डोळे मोठे करणं, भुवया उडवणं, हसणं हा मग रियाज होतो. आवाज बारीक होत जातो, तिथे गाणं मदतीला येतं. अक्षर मुंगीएवढं होतं, तिथे मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरवून काढलेलं चित्र.

2007 मध्ये अमेरिकेत हॅकनी आणि अरहार्ट या संशोधकांच्या गटाने टँगो नाच आणि व्यायाम यांची तुलना केली. टँगो शिकलेल्यांचा तोल अधिक सुधारला. या नाचात मागे जाणं, वळणं, थांबून पुन्हा निघणं सतत येतं, आणि शुभार्थींची अडचण नेमकी तीच. तो अभ्यास लहान होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्याविषयीच्या 3,000 हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात पार्किन्सन्स आणि नाचही आहे. नाचाने आजार बरा होत नाही. गोळी चुकवायची नाही, आणि वर्गाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

मुंबईत 2001 पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते आहे. तिचे आधारगट आहेत. पण अडखळत्या पायांनी लोकलची गर्दी पार करून जाणं किती जणांना जमणार? वर्ग घराजवळ हवा. साकीनाका-चांदिवलीत भजनी मंडळं आहेत, गणपतीआधी ढोलाचा सराव चालतो, लेझीम शाळेत शिकलेले आजोबा-आजी इमारतीत असतात. टाळ-मृदंग म्हणजे ठेकाच. न घसरणारी जमीन, हात असलेल्या भक्कम खुर्च्या, प्रत्येकाशेजारी एक सावध माणूस आणि हालचाली नेमून द्यायला फिजिओथेरपिस्ट एवढं लागतं. सकाळच्या गोळीचा अंमल चढलेला असतो त्या अकराच्या सुमाराला इमारतीच्या सोसायटीचा हॉल बहुतेक रिकामाच असतो.